रिपोर्टात ‘नो ग्रोथ’, आणि बुबुळ अजून पांढरंच

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी आधी तो थोडक्यात सांगतो. तुमचे वडील ६१ वर्षांचे, खानापूर तालुक्यात शेती. उसाचं पाचट काढताना पान उजव्या डोळ्याला लागलं, त्याला आता १९ दिवस झाले. पहिले ४ दिवस मेडिकलवरून आणलेला ‘गुलाबी टोपणाचा’ ड्रॉप घातला. मग तालुक्याच्या डॉक्टरांनी मॉक्सिफ्लॉक्सासिन हा अँटिबायोटिक ड्रॉप दिला. उतार पडेना म्हणून त्यांनी बेळगावला पाठवलं. तिथं बुबुळावरून खरवडून नमुना घेतला, सूक्ष्मदर्शकाखाली काही दिसलं नाही आणि ५ दिवसांनी कल्चरचा, म्हणजे नमुन्यातला जंतू प्लेटवर वाढवून बघण्याच्या तपासणीचा, रिपोर्ट आला, ‘नो ग्रोथ’. आता डॉक्टर म्हणतायत, एक दिवस सगळे ड्रॉप बंद ठेवू आणि पुन्हा खरवडू. तुम्ही विचारताय, रिपोर्ट क्लीन आहे तर इतकी औषधं कशाला? पुन्हा खरवडल्यावर डोळा आणखी बिघडणार नाही का? आणि बाबांना हुबळी, मिरज किंवा तुमच्याकडे पुण्याला हलवावं का?

मी बेळगावात २६ वर्षं डोळ्यांची प्रॅक्टिस करतोय आणि त्यातली बरीचशी बुबुळाच्या जखमांवर गेली. बाबांचा डोळा मी पाहिलेला नाही, त्यामुळे कुठला ड्रॉप चालू ठेवा आणि कुठला बंद करा हे इथून सांगणार नाही. तुमच्या डॉक्टरांच्या डोक्यात काय चाललं असावं, तेवढं मात्र सांगू शकतो. कारण हाच प्रसंग माझ्यावर महिन्यातून एकदा-दोनदा तरी येतो.

सगळा घोळ ‘क्लीन’ या शब्दात आहे. रिपोर्टात तो शब्द नाही, तो घरच्यांनी वाचलाय. रिपोर्ट एवढंच म्हणतो की प्लेटवर काही उगवलं नाही. तुम्ही शेतकऱ्याच्या घरातल्या आहात, म्हणून बाबांच्याच भाषेत विचारतो. वाफ्यात काही उगवलं नाही तर बी पेरलंच नव्हतं असं ते म्हणतील का? बी कमी पडलं असेल. बी आधीच भाजलेलं असेल. जमीन त्या बियाच्या जोगी नसेल. किंवा आपण चौथ्या दिवशीच बघून ‘उगवलं नाही’ म्हणत परत फिरलो असू. बुबुळाच्या कल्चरमध्येही हेच चार प्रकार होतात. चांगल्या प्रयोगशाळांतसुद्धा दर तीन नमुन्यांमागे एखादा, कधी निम्मेही, असे मुके निघतात. त्यात कुणाची हयगय झाली असेलच असं नाही.

बी कमी पडतं म्हणजे किती कमी? आपण ज्याला बुबुळ म्हणतो त्याचा पुढचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, जेमतेम ११-१२ मिलिमीटर रुंद आणि मध्यभागी साधारण अर्धा मिलिमीटर जाड. जखम त्यातल्या तीन-चार मिलिमीटरची. पेशंट स्लिट लॅम्पसमोर, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या यंत्रासमोर, हनुवटी टेकून बसतो, बधिर करणारा थेंब घालतो, एक हात पापण्या धरायला आणि दुसऱ्या हातात ब्लेड. आधी वरचा बुळबुळीत चिकटा पुसून टाकायचा, कारण त्यात मेलेल्या पेशी जास्त आणि जंतू कमी. मग जखमेच्या कडा आणि तळ खरवडायचा. ब्लेडच्या टोकावर जे येतं ते खसखशीच्या दाण्याएवढं असलं तर आम्ही खूश. त्या एका दाण्यात दोन-तीन काचपट्ट्या आणि चार-पाच प्लेटी भागवायच्या असतात, म्हणून दर वेळी नव्यानं थोडं-थोडं घ्यावं लागतं. पेशंट घाबरून डोळा फिरवतो, पाणी येतं, आणि एखादी प्लेट उपाशीच राहते. जंतू वरच्या थरात नसून खोल असतील तर ब्लेड तिथवर पोचतही नाही.

प्लेटवर आम्ही नमुना इंग्रजी ‘सी’ अक्षराच्या आकारात ओढतो. त्या रेघेवर उगवलं तर ते डोळ्यातलं, रेघ सोडून उगवलं तर ते हवेतलं. हे सांगायचं कारण, पेशंट कधी कधी ‘आमच्या रिपोर्टात बुरशी आली होती, नंतर ती खोटी निघाली’ म्हणून चिडतात. त्यामागे बहुतेक वेळा एवढंच असतं.

बी भाजलेलं असणं ही मात्र आपल्या भागातली नेहमीची गोष्ट, आणि बाबांच्या बाबतीत माझा पहिला संशय तिथंच जातो. नमुना घेण्याआधी त्यांच्या डोळ्यात दोन प्रकारचे ड्रॉप किती तरी दिवस पडत होते. मॉक्सिफ्लॉक्सासिन तासाला तासाला पडत असेल तर वरच्या थरातले जीवाणू मरतात किंवा अर्धमेले होतात. ते प्लेटवर वाढत नाहीत, पण खोलवर त्यांचे भाऊबंद जिवंत असू शकतात. शिवाय डोळ्यातल्या ड्रॉपचा अंश नमुन्यासोबत प्लेटवर जातो आणि तिथंही आपलं काम करत राहतो. तालुक्याच्या डॉक्टरांना यात दोष देऊ नका. रात्री आठ वाजता समोर लालभडक डोळा, हाताशी प्रयोगशाळा नाही, शेवटची बस निघून गेलेली. त्यांच्या जागी मी असतो तर मीही ड्रॉप सुरू केला असता. मोठ्या दवाखान्यात लगेच जाणं शक्य असेल तेव्हा मात्र आधी नमुना आणि मग औषध हा क्रम ठेवलेला बरा.

आता जमीन, म्हणजे प्लेटवरचं अगार, जंतू वाढवायची जेली. जीवाणूंना ब्लड अगार किंवा चॉकलेट अगार लागतं, बुरशीला साबुराँ किंवा बटाट्याचं अगार. अकँथअमिबा नावाचा एककोशीय जीव यातल्या कशावरच नीट दिसत नाही. त्याच्यासाठी पोषण नसलेलं अगार घेऊन त्यावर ई-कोलाय जीवाणूंचा थर पसरावा लागतो. अमिबा ते जीवाणू खात पुढं सरकतो आणि मागे वाटा उमटतात, ओल्या मातीवरून गोगलगाय गेल्यासारख्या. मायक्रोस्पोरिडिया हा पेशीच्या आत राहणारा सूक्ष्म परजीवी तर कुठल्याच साध्या प्लेटवर उगवत नाही, आणि नागीण वर्गातले विषाणू उगवण्याचा प्रश्नच नाही. म्हणून तुमच्या भावाला एक विचारायला सांगा: नमुना कुठकुठल्या प्लेटींवर लावला होता, आणि काचपट्टीवर कुठकुठले रंग केले होते? यात डॉक्टरांवर अविश्वास दाखवल्यासारखं काही नाही. उत्तरात फक्त ग्रॅम (मुख्यतः जीवाणूंसाठीचा रंग) आणि केओएच (बुरशी दिसावी म्हणून घालायचं रसायन) असेल, तर दुसऱ्या खेपेला काय वाढवायचं ते आपोआप ठरतं.

आणि चौथ्या दिवशी परत फिरणं. बुरशी बरेचदा दोन ते पाच दिवसांत डोकं वर काढते, पण प्लेट दोन आठवडे तरी ठेवायची असते. नोकार्डिया नावाचा मातीतला जीवाणू तर आठवडा सहज घेतो. काही वर्षांपूर्वी विटभट्टीवर काम करणाऱ्या एका बाईंचा नमुना घेतला होता. जखम विचित्र होती, टाचणीच्या टोकाएवढे पांढरे ठिपके गोल माळेसारखे मांडलेले. पाचव्या दिवशी रिपोर्ट ‘नो ग्रोथ’. त्या दिवशी गणपती बसले, आणि बेळगावात गणपती बसले की काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. प्लेटी टाकून द्यायच्या होत्या, त्या तशाच राहिल्या. सुट्टी संपवून आलेल्या टेक्निशियननं नवव्या दिवशी मला हाक मारली, ‘‘सर, ह्येच्यावर खडूची भुकटी पडल्यासारखं काय तरी दिसूलालंय.’’ ती भुकटी म्हणजे नोकार्डियाच्या वसाहती होत्या. तोवर बाई सेफाझोलिन या दुसऱ्या अँटिबायोटिकवर होत्या आणि जखम हटत नव्हती. अमिकॅसिनचे ड्रॉप सुरू केल्यावर तीन आठवड्यांत जखम भरली. तेव्हापासून आमच्याकडे बुबुळाच्या प्लेटींवर मार्करनं मोठी तारीख लिहिलेली असते आणि त्या तारखेच्या आत कुणी हात लावत नाही. पाचव्या दिवशीचा रिपोर्ट हा माझ्या लेखी ‘आतापर्यंत तरी काही नाही’ असा असतो. बाबांची प्लेट अजून ठेवली आहे का, हे जरूर विचारा.

काचपट्टीबद्दल थोडं वेगळं बोलायला हवं. केओएचमध्ये बुरशीचे धागे दहा-पंधरा मिनिटांत दिसू शकतात. ते दिसले, तर नंतर कल्चर काही का म्हणेना, मी बुरशीचे उपचार चालू ठेवतो. दिसलेलं खरं मानायचं. न दिसलेलं मात्र तितक्या खात्रीनं खोटं मानता येत नाही, विशेषतः जखम खोल असेल तर.

मग प्रयोगशाळा गप्प बसल्यावर आम्ही कशावर चालतो? आधी हकिगतीवर. आपल्या भागात कामाप्रमाणे जंतू बदलतात. उसाचं पान, तुराट्या, मक्याचा धांडा असं हिरवं-वाळलेलं काही लागलं की माझा कल बुरशीकडे. दक्षिण भारतातल्या शेतकऱ्यांच्या बुबुळात फ्युझेरियम आणि अस्परजिलस या दोन बुरशी सगळ्यात जास्त सापडतात. खानापूरकडची भातलावणी, चिखलाचं पाणी डोळ्यात उडालेलं, पावसाळ्याचे दिवस असतील तर मायक्रोस्पोरिडिया आणि अमिबाही मनात येतात. अमिबा म्हणजे कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्या शहरी मुलांचा आजार, असं पुस्तकात वाचून आलेले तरुण डॉक्टर भेटतात. आपल्याकडे तो बहुतेक वेळा लेन्स कधी पाहिलीही नाही अशा माणसांत, विहिरीच्या नाहीतर पाटाच्या पाण्यातून येतो. उद्यमबागेतून, म्हणजे इथल्या कारखान्यांच्या भागातून, फाउंड्रीचा किंवा ग्राइंडिंगचा कामगार आला तर लोखंडाचा कण आणि त्यामागून आलेला जीवाणू आधी शोधतो.

दुसरी साक्ष जखमेच्या रूपाची. कडा पिसासारख्या विस्कटलेल्या, पृष्ठभाग कोरडा आणि किंचित उचललेला, बाजूला एक-दोन सुटे ठिपके असले तर बुरशीचा संशय वाढतो. कडा रेखीव, वरून ओली, पू भराभर वाढतोय, तर जीवाणू. गोल कडं आणि जखमेच्या मानानं फारच जास्त दुखणं, तर अमिबा. पण या साक्षीवर डोळे मिटून विश्वास टाकू नका, कारण एकदा तिनं मला फसवलंय. भात लावणाऱ्या एका माणसाची जखम हुबेहूब बुरशीची दिसत होती. केओएचमध्ये रुंद धागेही दिसले, कल्चरमध्ये काही आलं नाही. मी निश्चिंतपणे नॅटामायसिन हे बुरशीवरचं औषध देत राहिलो, तीन आठवडे. जखमेतून बारीक बोटांसारख्या रेषा कडेकडे पसरत होत्या, त्या मी पाहिल्या आणि ‘बुरशी जरा हट्टी आहे’ अशी स्वतःची समजूत घातली. शेवटी बुबुळ बदलावं लागलं. काढलेल्या तुकड्याच्या तपासणीत कळलं की ती बुरशी नव्हतीच. तो पिथियम होता. पाणथळ जागेतला जीव, दिसायला बुरशीसारखा, पण बुरशीची औषधं ज्या एर्गोस्टेरॉल नावाच्या घटकावर काम करतात तो त्याच्या पेशीच्या पटलात नसतो. त्याला लिनेझोलिड आणि अझिथ्रोमायसिन या जीवाणूंच्या औषधांचा उपयोग होतो. तेव्हापासून नॅटामायसिनवर आठवडाभरात ढिम्म फरक न दाखवणाऱ्या ‘बुरशी’कडे मी संशयानं बघतो.

जंतू मुळात नसण्याचीही शक्यता असते, आणि मुक्या रिपोर्टाच्या वेळी तिकडे बघायलाच हवं. रायबागकडच्या एका आजोबांना दोन ठिकाणी दोनदा खरवडून झालं होतं, दोन्ही रिपोर्ट कोरे. फ्लुरेसिनचा पिवळा-हिरवा रंग घातला तर बुबुळाच्या वरच्या भागात उभ्या ओरखड्यांची जाळी दिसली, मांजरानं नख मारल्यासारखी. वरची पापणी उलटली आणि आतल्या बाजूला ज्वारीचं कुसळ, केसाएवढं, अर्धं रुतलेलं. प्रत्येक उघडझापीला ते बुबुळावर घासत होतं. चिमट्यानं काढलं, चौथ्या दिवशी आजोबा रंकाळ्याला नातवाकडं गेलेसुद्धा. बाबांना पान लागलंय, पापणी उलटून पाहिली असेलच. तरी विचारा.

नाकाशेजारी डोळ्याच्या कोपऱ्यावर बोट दाबून पाहणंही असंच दोन सेकंदांचं काम. अश्रूंची पिशवी तुंबून त्यात पू असेल तर तो दाबल्यावर डोळ्यात येतो, आणि ती पिशवी साफ होईपर्यंत वरून कितीही ड्रॉप घाला, जंतूंचा पुरवठा चालूच. साखर तपासली का, हेही पाहा. ग्राइंडिंगचा एक मुलगा आठवतो. त्याच्या बुबुळावर पांढरं कडं, असह्य दुखणं आणि तीन कोऱ्या प्लेटी. शेवटी त्याच्या शर्टाच्या खिशात बधिर करणाऱ्या ड्रॉपची बाटली सापडली. कुठून तरी मिळवली होती आणि दर तासाला घालत होता. बाटली काढून घेतली, हळूहळू डोळा सुधारला. नागिणीचा किंवा हर्पीसचा जुना त्रास असेल तर बुबुळाची जाणीव कमी होते. म्हणून बधिर करण्याआधी मी कापसाच्या टोकानं दोन्ही बुबुळं हलकेच शिवून बघतो. ‘दरवर्षी ताप येऊन गेला की हाच डोळा लाल होतो’ असं वाक्य कुणी बोललं तर माझे कान टवकारतात. आणि कधी कधी जंतू मेलेला असतो, पण चार-पाच जहाल ड्रॉपांच्या माऱ्यानं कातडी भरून येत नाही. तिथं औषध वाढवण्यापेक्षा कमी करणं हाच उपचार ठरतो. ते ओळखायला मात्र धीर लागतो, मलाही आणि घरच्यांनाही.

आता तुमची मुख्य भीती, पुन्हा खरवडण्याची. काळजीपूर्वक केलं तर त्यानं सहसा नुकसान होत नाही, उलट थोडा फायदाच होतो. जखमेवरची मेलेली साय निघते आणि जंतूंचा भार हलका होतो. नॅटामायसिनसारखं औषध अखंड पृष्ठभागातून आत शिरायला कुरकुरतं, त्यालाही वाट मिळते. ड्रॉप २४ तास, कधी ४८ तास बंद ठेवण्यामागचा हेतू हा की भाजलेल्या बियांमधून जे टिकून राहिलंय त्याला प्लेटवर उगवायची संधी मिळावी. एक दिवसात डोळा हातचा जाईल असं बहुतेक जखमांत होत नाही. अपवाद आहेत. बुबुळ फार पातळ झालं असेल, जखम तासातासाला वाढत असेल, तर मी ड्रॉप बंद करत नाही आणि ब्लेडही जपून लावतो. बाबांचं बुबुळ किती पातळ झालंय हे स्लिट लॅम्पवर पाहिलेल्या माणसालाच कळेल. त्यांनी खरवडूया म्हटलंय म्हणजे तेवढी जाडी त्यांना दिसत असावी.

दुसऱ्या खेपेलाही काही नाही आलं तर? पुढचे रस्ते आहेत. कॉन्फोकल नावाच्या सूक्ष्मदर्शकानं जिवंत बुबुळाच्या आतच बुरशीचे धागे किंवा अमिबाच्या गाठी पाहता येतात, पण ते यंत्र मोजक्या ठिकाणी असतं. पीसीआरमध्ये जंतूचा डीएनए शोधतात. तो जिवंत असण्याची गरज नाही, म्हणून भाजलेल्या बियांच्या बाबतीत त्याचा उपयोग जास्त. त्याचीही खोड आहे, वाटेत चिकटलेला भलताच डीएनए तो तितक्याच प्रामाणिकपणे दाखवतो. जखम खोल असेल तर रेशमी टाका त्यातून ओढून घेतात आणि तोच धागा प्लेटवर ठेवतात, किंवा दोन-तीन मिलिमीटरचा तुकडा काढून बायोप्सी करतात. हे ऑपरेशन थिएटरचं काम.

तोवर उपचार थांबत नाहीत, आणि इथं प्रत्येक डॉक्टरची पद्धत थोडी वेगळी असणार. माझी सांगतो. शेतातली इजा, सावकाश वाढणारी जखम आणि कोरा रिपोर्ट असा योग जुळला तर मी साधारणपणे ५ टक्के नॅटामायसिन आणि एक जीवाणूंवरचं औषध अशी दोन्ही दारं राखतो. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, ३२३ पेशंटांत, धाग्यांच्या बुरशीसाठी नॅटामायसिन हे वोरिकोनॅझोल या नव्या औषधाच्या ड्रॉपपेक्षा सरस ठरलं, फ्युझेरियममध्ये तर विशेष. म्हणून कुणी ‘नवं भारी औषध का नाही दिलं’ विचारलं तरी मी जुन्यावरच राहतो. आणि एका वेळी एकच बदल करतो. सोमवारी तीन ड्रॉप बदलले आणि गुरुवारी डोळा सुधारला किंवा बिघडला, तर कशानं, हे कुणालाच कळत नाही. कोऱ्या रिपोर्टाच्या केसमध्ये औषधाला मिळणारा प्रतिसाद हीच माझी खरी प्रयोगशाळा. ती मी गढूळ करत नाही.

तो प्रतिसाद घरच्यांना कसा कळावा? नजरेवरून मोजू नका. नजर सगळ्यात शेवटी येते, आणि बरं झाल्यावरही बुबुळावर फूल राहणार हे आत्ताच मनाशी धरा. मी दर भेटीला जखमेची लांबी-रुंदी मिलिमीटरमध्ये लिहितो आणि कागदावर गोल काढून त्यात तिचं चित्र काढतो. कडा बोथट होणं, रात्रीची झोप लागणं, आतला पू कमी होणं, ही पहिली लक्षणं. बुरशीत पहिल्या आठवड्यात जखम नुसती वाढायची थांबली तरी मी ते यश मानतो. तुमचा भाऊ रोज एकाच जागी, एकाच उजेडात मोबाइलवर फोटो काढत असेल तर फार बरं.

घरी ड्रॉप घालण्याबद्दल एक गोष्ट, कारण अर्धे उपचार तिथंच फसतात. आपल्याकडे डिस्चार्जचा कागद इंग्रजीत, समजावणारी सिस्टर कन्नडमध्ये बोलणार, आणि वाचणारे आजोबा मराठी शाळेत शिकलेले. मी बाटल्यांवर चिकटपट्टी लावतो: एक पट्टी म्हणजे तासाला, दोन पट्ट्या म्हणजे दोन तासांनी, आडवी पट्टी म्हणजे दिवसातून तीनदा. दोन ड्रॉपांमध्ये पाच मिनिटं जाऊ द्यायची, नाहीतर दुसरा पहिल्याला धुऊन काढतो. सेफाझोलिनसारखे ड्रॉप दवाखान्यात तयार करून देतात. ते फ्रिजमध्ये ठेवायचे आणि सांगितलेल्या दिवसांनंतर टाकून द्यायचे. गावात करंट रात्र रात्र नसतो, तेव्हा बर्फ घातलेला थर्मास कामाला येतो. रात्री दोन वाजता उठून थेंब घालणारं कुणी घरात नसेल, तर ॲडमिट करून घ्या म्हणावं, संकोच करू नका.

डोळा बांधू नका. पट्टीखाली ऊब राहते आणि जंतूंना ती आवडते. एरंडेल, मध, कांद्याचा रस, अंगावरचं दूध यातलं काहीही नको, आणि जिभेनं कुसळ काढणाऱ्या कुणाकडे तर अजिबात नको.

हलवायचं का, या प्रश्नाचं उत्तर काय बदलणार आहे यावर अवलंबून आहे. बेळगावात मेडिकल कॉलेजं आहेत, नमुना पुन्हा घेणारा आणि रोज तोच डोळा पाहणारा माणूस आहे. निव्वळ मोठ्या नावासाठी हलवलंत तर पहिले दोन-तीन दिवस नव्या डॉक्टरला ओळख करून घेण्यातच जातात, आणि ‘कालपेक्षा आज’ ही तुलनाच हरवते. पण दुसऱ्या नमुन्यानंतरही काही कळेना आणि जखम वाढतेय, कॉन्फोकल किंवा पीसीआर हवंय, किंवा बुबुळ बदलायची वेळ येईलसं वाटतंय, तर जिथं कॉर्नियाचा तज्ज्ञ आणि नेत्रपेढी दोन्ही आहेत तिथं वेळेत जावं. तुमच्या डॉक्टरांनाच विचारा, ‘‘तुमच्या घरचं माणूस असतं तर कधी पाठवलं असतं?’’ त्या प्रश्नाला बहुतेकजण सरळ उत्तर देतात. बुबुळ बदलावं लागलं तरी ते हरणं नव्हे. काढलेला तुकडा प्रयोगशाळेत जातो आणि पुष्कळदा इतके दिवस न सापडलेला जंतू त्यात सापडतो. फक्त एक लक्षात असू द्या. डोळ्यातून अचानक कोमट पाण्याचा लोंढा आला आणि दुखणं एकदम थांबलं, तर ते बरं झाल्याचं लक्षण समजू नका. बुबुळाला भोक पडलेलं असू शकतं. न चोळता, न दाबता, त्याच तासाला निघायचं.

घरात ऊस असलेल्या बाकीच्यांसाठी जाता जाता एक सांगतो. नेपाळमध्ये भक्तपूरला झालेल्या एका अभ्यासात, जो २००१ साली छापून आला, बुबुळावर नुसता ओरखडा असताना १८ तासांच्या आत क्लोरॅम्फेनिकॉलचं मलम सुरू केलेल्या कुणालाच पुढे अल्सर, म्हणजे बुबुळाची अशी चिघळलेली जखम, झाला नाही. म्हणजे पान लागलं त्याच संध्याकाळी डॉक्टरांना डोळा दाखवणं हे माझ्याकडच्या सगळ्या महागड्या ड्रॉपांपेक्षा स्वस्त पडतं.

शेवटी त्या गुलाबी टोपणाच्या बाटलीकडे येतो, कारण तुमच्या सगळ्या प्रश्नात मला तीच खटकतेय. तिचं नाव तुम्ही लिहिलेलं नाही. लाल डोळ्याला म्हणून मेडिकलवर जे ड्रॉप सर्रास मिळतात त्यातल्या बऱ्याच बाटल्यांत अँटिबायोटिकसोबत स्टेरॉइड असतं. पहिल्या दोन दिवसांत लाली उतरते, दुखणं कमी होतं, आणि त्याच दोन दिवसांत बुरशीला रान मोकळं मिळतं. जीवाणूंच्या अल्सरमध्ये अँटिबायोटिक आधी सुरू करून नंतर स्टेरॉइड दिलं तर काय होतं याची ५०० पेशंटांवर चाचणी झाली आहे, २०१२ साली ती प्रसिद्ध झाली. एकंदरीत ना फायदा दिसला ना तोटा, पण नोकार्डिया असलेल्यांचं मात्र बिघडलं. आणि तिथं जंतू ठाऊक होता. बाबांच्या डोळ्यात तो अजून ठाऊक नाही. ते ४ दिवस स्टेरॉइड गेलं असेल तर खरवडायच्या आधीच तुमच्या डॉक्टरांचा अंदाज बुरशीकडे आणखी झुकेल, कुठल्या प्लेटी लावायच्या आणि किती दिवस ठेवायच्या तेही बदलेल. भावाला फोन करा. ती बाटली देवळीत नाहीतर फ्रिजवर पडलेली असेल. रिकामी असली तरी चालेल, लेबल वाचता आलं पाहिजे. उद्या जाताना ती पिशवीत घ्यायला सांगा.